वेणू बाप्पू आणि कवलूरची वेधशाळा

बनशंकरीहून बाह्यवळण रस्त्याने सिल्क बोर्डाच्या चौकाकडे निघालेल्या माणसाला डाव्या हाताला कोरमंगला लागते. वाहनांच्या गर्दीत तिकडे मान वळवून पाहण्याची उसंत फारशी कोणाला नसते. त्या वस्तीत, झाडांच्या दाटीत, भारतीय ताराभौतिकी संस्थेचे आवार आहे. गेल्या शतकाच्या आठव्या आणि नवव्या दशकांत या आवारातील प्रयोगशाळेत काचेची एक प्रचंड तबकडी अनेक वर्षे घासली जात होती. तिचा व्यास २.३४ मीटर, म्हणजे सुमारे ९२ इंच. त्या काळात या शहरात शाळेत जाणाऱ्या, आज साठीच्या आसपास पोचलेल्या कितीतरी मराठी मुलामुलींना आपल्या घरापासून थोड्याच अंतरावर हे काम चालले आहे याची कल्पनाही नसेल. पुढे ती काच कवलूरच्या डोंगरावर गेली आणि तिच्यातून तारे दिसू लागले. ज्यांच्या हट्टामुळे ती घडली ते वेणू बाप्पू मात्र तो दिवस पाहण्यास उरले नव्हते.

मनाली कल्लट वेणू बाप्पू यांचा जन्म १० ऑगस्ट १९२७ रोजी मद्रास येथे झाला. घराणे मूळचे केरळातील, मलबार किनाऱ्याकडचे. परंतु वडिलांच्या नोकरीमुळे बालपण सारे हैदराबादेत गेले. वडील मनाली काकुझी बाप्पू हे निजामिया वेधशाळेत काम करीत. संस्थानी काळातील ही वेधशाळा त्या वेळच्या भारतातील मोजक्या सुसज्ज वेधशाळांपैकी होती आणि १५ इंची ग्रब दुर्बीण हे तिचे वैभव होते. आईवडिलांचे एकुलते एक अपत्य असलेल्या वेणूला खेळण्यांच्या वयातच दुर्बिणीचा घुमट परिचयाचा झाला. घरात श्रीमंती नव्हती. वेधशाळेतील साहाय्यकाचा पगार तो किती असणार! पण रात्री जागून आकाश पाहणे हा ज्या घरात व्यवसायच होता, त्या घरातील मुलाला ते वेड वेगळे लावून घ्यावे लागले नाही.

निजाम महाविद्यालयात शिकत असतानाच त्यांनी चलताऱ्यांचे, म्हणजे ज्यांचे तेज कमीअधिक होत राहते अशा ताऱ्यांचे वेध घेण्यास आरंभ केला आणि विशी ओलांडण्यापूर्वीच त्यांचे निबंध प्रसिद्ध होऊ लागले. भौतिकशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण पूर्ण झाले, पण पुढे काय, हा प्रश्न होताच. खगोलशास्त्राचे उच्च शिक्षण देणारी सोय देशात जवळजवळ नव्हती. हार्वर्ड वेधशाळेचे प्रमुख हार्लो शॅपली भारतात आले असता तरुण बाप्पूंनी त्यांची भेट घेतली. हैदराबाद सरकारने शिष्यवृत्ती दिली. आणि १९४९ साली ते अमेरिकेत हार्वर्डला दाखल झाले.

तेथे पोचून काही महिने होतात न होतात तोच एक विलक्षण गोष्ट घडली. २ जुलै १९४९ च्या रात्री त्यांनी आकाशाची छायाचित्रे घेतली. काचपट्टी तपासताना एका ठिकाणी ताऱ्यासारखा नसलेला एक पुसट ठिपका त्यांना आढळला. प्राध्यापक बार्ट बोक आणि सहाध्यायी गॉर्डन न्यूकर्क यांनी त्याची खातरजमा केली. तो एक नवा धूमकेतू होता. रूढ प्रथेप्रमाणे तिघांची नावे त्याला मिळाली आणि बाप्पू–बोक–न्यूकर्क या नावाने तो नोंदला गेला. भारतीय माणसाचे नाव धूमकेतूला लाभण्याचा हा प्रसंग दुर्मीळच. पॅसिफिक खगोल संस्थेचे डोनोहो धूमकेतू पदकही त्यांना त्याबद्दल मिळाले. वृत्तपत्रांना धूमकेतू आवडतात, त्यामुळे बाप्पूंच्या चरित्रात याच घटनेचा गाजावाजा अधिक होतो. खरे पाहता ती भाग्याची आणि सावध नजरेची गोष्ट होती. त्यांचे शास्त्रीय मोठेपण दुसऱ्याच एका शोधावर उभे आहे.

१९५२ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळाली आणि कार्नेगी अधिछात्रवृत्तीवर ते कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन आणि पालोमार येथील वेधशाळांत गेले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पालोमारची २०० इंची दुर्बीण तेव्हा जगातील सर्वांत मोठी होती आणि ती कामाला लागून चारपाच वर्षेच झाली होती. तेथे ओलिन विल्सन यांच्यासमवेत त्यांनी ताऱ्यांच्या वर्णपटांचा अभ्यास केला. सूर्यासारख्या आणि त्याहून थंड ताऱ्यांच्या वर्णपटात जांभळ्या रंगाच्या टोकाकडे कॅल्शियममुळे उमटणारी एक रुंद काळी रेषा असते. तिच्या मधोमध एक बारीक तेजस्वी रेघ दिसते. ही तेजस्वी रेघ काही ताऱ्यांत अरुंद असते, काहींत रुंद. विल्सन आणि बाप्पू यांच्या ध्यानात आले की, तारा स्वभावतः जितका अधिक तेजस्वी, तितकी ती रेघ अधिक रुंद. आणि हा संबंध मंद खुज्या ताऱ्यांपासून प्रचंड महाकाय ताऱ्यांपर्यंत सारखाच टिकतो.

याचे महत्त्व समजण्यासाठी रात्रीच्या अंधारात दूरवर दिसणाऱ्या दिव्याचा विचार करावा. तो मंद दिसतो तो मुळातच लहान आहे म्हणून, की मोठा असूनही लांब आहे म्हणून, हे नुसते पाहून सांगता येत नाही. दिव्याच्या अंगावरच त्याची खरी शक्ती लिहिलेली असेल तर मात्र अंतराचे गणित सोपे होते. त्या कॅल्शियमच्या रेघेने ताऱ्याच्या अंगावरची ही अक्षरे वाचून दाखवली. १९५७ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष विल्सन–बाप्पू परिणाम या नावाने जगभरच्या खगोलशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत स्थिरावला. निबंध छापून आला तेव्हा बाप्पू तिशीचे होते आणि कधीच भारतात परतले होते.

परतण्याचा हा निर्णय सोपा नव्हता. जगातील सर्वोत्तम दुर्बिणीवर काम केलेला, अमेरिकेत सहज स्थिरावू शकला असता असा हा तरुण १९५३ मध्ये अशा देशात आला, जिथे त्याने शिकलेली विद्या वापरण्याजोगे एकही साधन धडपणे उपलब्ध नव्हते. १९५४ अखेरीस वाराणसी येथे नुकत्याच स्थापन झालेल्या उत्तर प्रदेश राज्य वेधशाळेची सूत्रे त्यांच्याकडे आली. गंगाकाठच्या धुळीने आणि धुक्याने भरलेल्या त्या मैदानी हवेत ताऱ्यांचे सूक्ष्म वेध घेणे शक्य नाही हे त्यांनी लगेच ओळखले. वेधशाळा डोंगरावर हलवावी असा आग्रह त्यांनी धरला आणि १९५५ मध्ये ती नैनितालला नेलीही. पुढे मनोरा शिखरावर तिची कायमची जागा ठरली. एखाद्या सरकारी संस्थेला तिच्या जन्मानंतर वर्षभरात सामान उचलून हिमालयाच्या पायथ्याशी न्यायचे, हे काम वर्णपट मोजण्याइतकेच चिकाटीचे म्हटले पाहिजे.

१९६० मध्ये त्यांना कोडाईकनाल वेधशाळेचे संचालकपद मिळाले, तेव्हा वय अवघे तेहतीस. पळणी डोंगरांत सुमारे २,३४३ मीटर उंचीवर १८९९ पासून उभी असलेली ही सौर वेधशाळा. सूर्यावरील डागांतील वायूंचे वहन जॉन एव्हरशेड यांनी १९०९ साली शोधले ते येथेच. संचालकाच्या ताब्यात जी जुनी साधने आली त्यांत एक दुर्बीण अशी होती की तिची कथा मराठी वाचकाने अवश्य जाणून घ्यावी.

ती पुण्याची. कावसजी दादाभाई नेगमवाला या पारशी प्राध्यापकाने भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून आणि मुंबई सरकारच्या साहाय्यातून पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात १८८८ मध्ये वेधशाळा उभी केली. तिची २० इंची परावर्ती दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांनी बनवली होती आणि ती त्या काळी देशातील सर्वांत मोठी होती. नेगमवालांनी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून घेतले. परंतु १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि पुण्याची वेधशाळा बंद करण्यात आली. एका माणसाच्या उत्साहावर उभी राहिलेली संस्था त्या माणसाबरोबरच निजधामास गेली. उपकरणे कोडाईकनालला रवाना झाली आणि ती मोठी दुर्बीण तेथे कित्येक वर्षे विनावापर राहिली; १९५१ च्या सुमारास ती पुन्हा उभी करण्यात आली. बाप्पू आले तेव्हा स्वतंत्र भारतातील मोठ्या दुर्बिणींमध्ये या सत्तरी ओलांडलेल्या पुणेरी दुर्बिणीची गणना करावी लागत होती. देशाच्या खगोलशास्त्राची स्थिती यावरून ध्यानात यावी.

कोडाईकनालला सूर्य उत्तम दिसे. तेथील सौर मनोरा दुर्बीण बाप्पूंच्या कारकिर्दीच्या आरंभी कार्यान्वित झाली. पण रात्रीच्या वेधांना धुके आणि ढग आडवे येत. ताऱ्यांसाठी निराळा डोंगर हवा होता. साठच्या दशकात दक्षिणेतील अनेक जागांची पाहणी झाली आणि तामिळनाडूतील जव्वादू डोंगरांत, चंदनाच्या झाडीत वसलेल्या कवलूर गावाजवळची जागा निश्चित करण्यात आली. बेंगळुरूहून होसूर, कृष्णगिरी, वाणियंबाडी असे करीत आलंगायमवरून हा घाट चढता येतो. उंची सुमारे ७२५ मीटर, म्हणजे आपल्या बेंगळुरूहूनही कमी! वेधशाळा म्हटली की हिमशिखरे डोळ्यांपुढे येणाऱ्याला हे नवल वाटेल. पण बाप्पूंचा हिशेब वेगळा होता. गावांचे दिवे दूर, रान भोवताली, आणि मुख्य म्हणजे अक्षांश फक्त साडेबारा अंश. नैनितालहून किंवा पालोमारहून जे दक्षिणेकडील आकाश क्षितिजाआड राहते, ते येथून खुले होते. सूर्याचा शेजारी म्हणावा असा मित्र तारा, म्हणजे अल्फा सेंटॉरी, कवलूरच्या रात्री क्षितिजापासून चांगला सोळा अंश वर येतो.

१९६८ मध्ये कवलूरला पहिली दुर्बीण सुरू झाली. तिचा आरसा ३८ सेंटिमीटरचा आणि ती संस्थेने स्वतःच तयार केलेली होती. १९७२ मध्ये पूर्व जर्मनीतील येना येथील कार्ल झाईस कंपनीची एक मीटरची दुर्बीण तेथे आली. ती बसवून होते न होते तोच ७ जून १९७२ रोजी गुरूचा उपग्रह गॅनिमीड एका ताऱ्यासमोरून सरकणार होता. अशा पिधानाच्या वेळी ताऱ्याचा प्रकाश एकदम मालवला तर उपग्रह उघडा, हळूहळू मंदावला तर त्याभोवती वायूचे आवरण, असा तर्क करता येतो. कवलूर आणि इंडोनेशियातील वेधांवरून गॅनिमीडला वातावरण असल्याचा निष्कर्ष काढण्यात आला आणि जगाचे लक्ष या अपरिचित डोंगराकडे गेले. व्हॉयेजर यानाच्या भेटीनंतर ते वातावरण त्या वेळी वाटले त्यापेक्षा फारच विरळ असल्याचे दिसून आले, हेही येथे नमूद केले पाहिजे. शास्त्रात पहिला शब्द क्वचितच शेवटचा असतो. १० मार्च १९७७ रोजी युरेनस एका ताऱ्यासमोरून गेला तेव्हा त्या ग्रहाभोवतालच्या कड्यांचा शोध लागला. त्या रात्री ताऱ्याचे मंदावणे नोंदवणाऱ्या वेधशाळांत कवलूर होते.

दरम्यान १ एप्रिल १९७१ रोजी कोडाईकनाल वेधशाळेचे स्वायत्त अशा भारतीय ताराभौतिकी संस्थेत रूपांतर झाले आणि काही वर्षांतच तिचे मुख्य कार्यालय बेंगळुरूला आले. बाप्पू तिचे पहिले संचालक. १९७० मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला होता. १९७९ मध्ये माँट्रियल येथील अधिवेशनात आंतरराष्ट्रीय खगोल संघाचे अध्यक्षपद मिळाले. त्या पदावर निवडून आलेले ते पहिले भारतीय. पुढे १९८१ मध्ये पद्मभूषण आले. मानसन्मानांची यादी एवढ्यावर थांबवलेली बरी, कारण त्यांच्या मनात या काळात एकच गोष्ट घोळत होती आणि ती म्हणजे मोठी दुर्बीण.

दोन मीटरहून मोठी दुर्बीण परदेशातून तयार विकत घेता आली असती. एक मीटरची घेतली होतीच. तो मार्ग वेळ वाचवणारा होता. बाप्पूंनी तो स्वीकारला नाही. काचेची तबकडी तेवढी जर्मनीच्या शॉट कंपनीची. उरलेले सारे भारतात करायचे असे त्यांनी ठरवले. तापमान बदलले तरी जवळजवळ न प्रसरणाऱ्या या काचेला आरशाचे रूप देणे हे काम ए. पी. जयराजन यांच्या नेतृत्वाखाली बेंगळुरूच्या प्रकाशिकी प्रयोगशाळेत सुरू झाले. त्यासाठी लागणारी साधनेही येथेच उभारावी लागली, कारण एवढा मोठा आरसा देशात पूर्वी कोणी घासलाच नव्हता.

या कामाची कल्पना येण्यासाठी थोडा हिशेब पाहावा. २.३४ मीटर रुंदीच्या त्या आरशाचा खोलगटपणा मध्यभागी जेमतेम साडेचार सेंटिमीटर आहे. दुरून पाहणाऱ्याला तो सपाटच वाटावा. पण ती उथळ वाटी एका विशिष्ट वक्राची असली पाहिजे आणि तिच्या पृष्ठभागावर कोठेही प्रकाशलहरीच्या लांबीच्या अल्पांशापेक्षा अधिक चूक चालत नाही. थोडे घासायचे, काच स्थिर होऊ द्यायची, तपासायचे, पुन्हा घासायचे. एका ठिकाणी अधिक घासले गेले तर तेवढे वाढवता येत नाही. मग साऱ्या पृष्ठभागालाच त्या खोलीपर्यंत उतरवावे लागते. घाई करणाऱ्याचे हे काम नव्हे. तयार होणारा आरसा कवलूरच्या पहिल्या ३८ सेंटिमीटरच्या दुर्बिणीपेक्षा सुमारे अडतीसपट प्रकाश गोळा करणार होता.

आरसा पेलणारा सांगाडा हा दुसरा प्रश्न. आकाश फिरते तशी दुर्बीण ताऱ्यामागोमाग बिनधक्का फिरली पाहिजे. कवलूरच्या अक्षांशामुळे तिचा ध्रुवाभिमुख अक्ष जवळजवळ आडवा पडतो आणि टनावारी वजन घोड्याच्या नालेच्या आकाराच्या एका अजस्र कड्यावर तोलावे लागते. आराखडा टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्सच्या मदतीने झाला आणि प्रत्यक्ष घडण झाली ती पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरच्या कारखान्यात. नीरेकाठची ही औद्योगिक वसाहत शेठ वालचंद हिराचंद यांनी उसाच्या मळ्यांत वसवलेली. साखर कारखान्यांची अवजड यंत्रे करणाऱ्या मराठी कामगारांच्या हातांनी ताऱ्यांकडे रोखायचा हा सांगाडा घडवला. पुण्याहून १९१२ साली एक दुर्बीण दक्षिणेत गेली होती. सात दशकांनी त्याच जिल्ह्यातून दुसरी निघण्याच्या तयारीत होती.

बाप्पू हे केवळ आदेश देणारे संचालक नव्हते. यंत्रशाळेत, प्रकाशिकीच्या खोलीत, कवलूरच्या घुमटात ते स्वतः असत. काच, धातू, विटा या सर्वांत त्यांना रस होता. वेधशाळेच्या इमारती कशा दिसाव्यात, आवारात कोणती झाडे लावावीत, याकडेही त्यांची नजर असे. हैदराबादच्या बालपणाने त्यांना उर्दू शायरीचे वेड दिले होते आणि गालिब त्यांच्या विशेष आवडीचा. चित्रकला आणि बागकाम हेही त्यांचे छंद. अशा रसिक माणसाची कामाच्या बाबतीत मात्र फार कडक शिस्त असे. १६ फेब्रुवारी १९८० चे खग्रास सूर्यग्रहण अंकोल्याच्या किनाऱ्यावरून कर्नाटकात शिरून रायचूरच्या दिशेने गेले, तेव्हा संस्थेच्या मोहिमा त्या सावलीच्या वाटेवर सज्ज होत्या. मोठ्या दुर्बिणीचे कामही त्याच सुमारास भरात होते.

वर्षे मात्र जात होती. परदेशी दुर्बीण आणली असती तर एव्हाना तिच्यातून वेधही सुरू झाले असते आणि जो वुल्फ–रायेट ताऱ्यांचा अभ्यास त्यांनी हार्वर्डपासून मनात धरला होता, तो दक्षिण आकाशातील ताऱ्यांवर त्यांना स्वतः पुढे नेता आला असता. स्वतःच्या संशोधनाची उमेदीची वर्षे त्यांनी इतरांच्या हाती साधन देण्यासाठी खर्ची घातली, आणि ती जाणूनबुजून घातली. यात शहाणपण किती आणि हट्ट किती, याविषयी दोन मते होऊ शकतील. एवढे खरे की, आरसा घासायला, सांगाडा घडवायला, घुमट उभारायला आणि नियंत्रणयंत्रणा जोडायला शिकलेल्या माणसांची एक पिढी या कामातून तयार झाली. विकत आणलेल्या पेटीबरोबर ती आली नसती.

१९८२ च्या ऑगस्टमध्ये ग्रीसमधील पात्रास येथे आंतरराष्ट्रीय खगोल संघाचे अधिवेशन भरायचे होते. अध्यक्ष या नात्याने बाप्पूंनी त्याचे सूत्रचालन करावयाचे होते. पण त्या वेळी ते म्युनिकच्या रुग्णालयात होते. हृदयावर शस्त्रक्रिया झाली, पण प्रकृती सावरली नाही, आणि १९ ऑगस्ट १९८२ रोजी, पात्रासचे अधिवेशन चालू असतानाच, त्यांचे निधन झाले. पंचावन्नावा वाढदिवस होऊन नऊच दिवस झाले होते. मागे पत्नी यमुना आणि बेंगळुरू, वालचंदनगर व कवलूर अशा तीन ठिकाणी विखुरलेली अपुरी दुर्बीण राहिली.

पुण्याच्या नेगमवालांच्या वेधशाळेचे जे झाले, ते येथेही होणार काय, अशी शंका त्या वेळी कोणाच्या मनात आली असल्यास ती अनाठायी म्हणता येणार नाही. तसे घडले नाही. संचालकपदी आलेले जे. सी. भट्टाचार्य आणि संस्थेतील सहकाऱ्यांनी काम थांबू दिले नाही. सांगाडा वालचंदनगरहून डोंगरावर पोचला. आरसा बेंगळुरूहून घाट चढून गेला. त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ लेप चढवण्याची सोय कवलूरलाच करण्यात आली होती. २ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री त्या आरशावर पहिल्यांदा ताऱ्यांचा प्रकाश पडला. तेव्हा ती देशातील सर्वांत मोठी दुर्बीण होती.

६ जानेवारी १९८६ रोजी पंतप्रधान राजीव गांधी कवलूरला आले आणि वेधशाळेला व मोठ्या दुर्बिणीला वेणू बाप्पू यांचे नाव देण्यात आले. दोन वर्षांनी, १९८८ मध्ये, त्याच डोंगरावरील ४५ सेंटिमीटरच्या श्मिट दुर्बिणीतून आर. राजमोहन यांनी एक नवा लघुग्रह शोधला आणि त्याला गणिती रामानुजन यांचे नाव मिळाले. बाप्पूंच्या नावाचाही एक लघुग्रह आहे, क्रमांक २५९६. ढग नसतील त्या रात्री कवलूरचा मोठा घुमट आजही उघडतो, आणि कोरमंगलात घासलेला तो आरसा दक्षिणेकडे वळतो.